पूर्वप्रसिद्धीचा उल्लेख तेवढा करा

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जुन्याच कृती नव्या रूपात लोकांपुढे आणणाऱ्या कलावंतांना आपल्या समीक्षकांनी कालच्या अंकात जे झोडपून काढले आहे, ते वाचले. लेखाचा आवेश पाहता हा अपराध याच पिढीत प्रथम घडतो आहे आणि तो उजेडात आणण्याचा मान आपल्याच दैनिकाला मिळाला आहे, असा कोणाचाही समज व्हावा. प्रतिभा आटली की माणूस स्वतःचीच जुनी दप्तरे उचकू लागतो, हे त्यांचे मुख्य प्रतिपादन. आणि शिळ्या कढीला ऊत आणणाऱ्या अशा मंडळींकडे रसिकांनी पाठ फिरवावी, हा त्यांचा सल्ला. लेख शैलीदार आहे, याबद्दल वाद नाही. मात्र रागावण्याजोगी गोष्ट बाजूलाच राहिली असून त्यांचा राग भलतीकडेच निघाला आहे, आणि त्या बाजूला राहिलेल्या गोष्टीत आपल्या दैनिकाचाही थोडाफार हातभार आहे, म्हणून हे पत्र.

प्रतिभा आटण्याचेच आधी घेतो. जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाखची प्रतिभा १७३४ साली आटली होती, असे म्हणण्याची आपल्या समीक्षकांची तयारी आहे काय? त्या वर्षीच्या नाताळासाठी त्याने ‘ख्रिसमस ऑरेटोरिओ’ हा धार्मिक गीतसमूह सिद्ध केला, तेव्हा त्यातील कितीतरी गाणी त्याने राजघराण्याच्या समारंभांसाठी थोड्याच काळापूर्वी केलेल्या रचनांमधून घेतली होती. अगदी आरंभीचे समूहगानच पाहावे. मुळात ते डिसेंबर १७३३ मध्ये सॅक्सनीच्या राज्यकर्त्याच्या पत्नीच्या वाढदिवसासाठी लिहिलेले होते. मूळ शब्दांत नगाऱ्यांना निनादण्याची आणि तुताऱ्यांना गर्जण्याची आज्ञा होती. म्हणून गाणे सुरू होते तेच मुळी नगाऱ्याच्या एकट्या ठोक्यांनी, आणि तुताऱ्या मागाहून येतात. वर्षभराने शब्द बदलले, नगाऱ्याला केलेली आज्ञा गेली, ठोके मात्र जागच्या जागी राहिले. आज ते ऐकणाऱ्या हजारोंना ते एका राजस्त्रीच्या वाढदिवसाचे होते याचा पत्ताही नसतो. ते तसेच पडू दिले असते, तर वाढदिवस उरकल्यावर ते पुन्हा कोण गाणार होते?

त्याच काळातील संगीतकार हँडेलने तर एक संथ चाल हॅम्बर्गमध्ये १७०५ साली नृत्यासाठी वापरली, १७०७ मध्ये रोममध्ये तिच्यावर शब्द चढवले आणि १७११ मध्ये लंडनमध्ये दुसरेच शब्द घालून ती रंगभूमीवर आणली. ध्वनिमुद्रण नसलेल्या त्या काळात लंडनच्या श्रोत्यांनी हॅम्बर्गमधील नृत्य ऐकलेले असण्याचा संभव जवळजवळ नव्हताच. इटालियन संगीतकार रोसिनीने एकच नांदीसंगीत १८१३ मध्ये रोमन सम्राटाच्या गंभीर संगीतिकेला, १८१५ मध्ये इंग्लंडच्या राणी एलिझाबेथवरील संगीतिकेला आणि १८१६ मध्ये ‘बार्बर ऑफ सेव्हिल’ या विनोदी संगीतिकेला जोडले, आणि आज ते ऐकताना लोकांना त्यात हजामाची लगबग तेवढी दिसते. मेहबूब खान यांनी १९४० चा आपलाच ‘औरत’ १९५७ मध्ये ‘मदर इंडिया’ म्हणून रंगीत करून पुन्हा घडवला, आणि दोन्हींमध्ये सावकार सुखीलाला रंगवला तो एकट्या कन्हैयालाल यांनी. नायिका बदलली, पडदा रंगीत झाला, सावकार तोच! यापैकी कोणाकडे रसिकांनी पाठ फिरवायची, हे समीक्षकांनी एकदा यादी देऊन सांगावे.

तेव्हा आपलेच जुने काम पुन्हा वापरणे हा गुन्हा नाही. थोड्यांनी पाहिलेले पुष्कळांपुढे यावे, असे कोणाही निर्मात्याला वाटणारच, आणि ते वाटण्यात गैर काय आहे, हे मला अद्याप कळलेले नाही. माझी तक्रार वेगळी आहे आणि ती अगदी साधी आहे.

तरुणपणी मी एका लघुनियतकालिकात एक कथा वाचली होती. त्याचे अंक वर्गणीदारांपलीकडे फारसे कोणाच्या हाती पडत नसत, आणि पुढे ते बंदच पडले. कथेत मुद्रितशोधनाचे काम करणारा एक म्हातारा होता. तो तपासायला आलेल्या प्रत्येक पुस्तकात जाणूनबुजून एक चूक राहू देई, कधी एखादी वेलांटी, कधी एखादा अनुस्वार. आणि पुस्तक छापून आले की तेवढेच पान उघडून पाही. शेवटी एका पुस्तकात ती चूक कोणीतरी परस्पर दुरुस्त केलेली त्याला आढळते, आणि कथा तेथेच थांबते. दुरुस्ती कोणी केली, म्हाताऱ्याला काय वाटले, त्याने पुढे काय केले, यातले काहीही लेखकाने सांगितलेले नव्हते. मोजक्याच पानांची ती कथा, पण तेव्हापासून कोणतेही नवे पुस्तक हाती घेतले की माझी नजर आधी वेलांट्यांवरून फिरते.

तोच म्हातारा गेल्या वर्षी मला एका जाडजूड कादंबरीत भेटला. लेखकही तेच, मधल्या काळात त्यांचे नाव मोठे झाले आहे आणि ते योग्यच आहे. कादंबरीत म्हाताऱ्याला एक दिवंगत पत्नी मिळाली आहे, दुरावलेला मुलगा मिळाला आहे आणि तो चूक का राहू देतो याचे चांगले प्रकरणभर स्पष्टीकरणही मिळाले आहे. (पत्नीच्या नावातील वेलांटीचा उलगडा झाला, तेव्हा मी पुस्तक काही दिवस बाजूला ठेवले.) याबद्दलही माझे म्हणणे नाही. म्हातारा लेखकाचा आहे; त्याचे लग्न लावायचे की त्याला एकटा ठेवायचे, हा लेखकाचा अधिकार आहे.

माझा आक्षेप आहे तो मलपृष्ठावरील मजकुराला. ही संपूर्ण नवी आणि यापूर्वी कोठेही कोणत्याही स्वरूपात प्रसिद्ध न झालेली कलाकृती आहे, असे तेथे ठळक अक्षरांत छापलेले आहे. श्रेयनामावलीचे पान मी वरपासून खालपर्यंत वाचले. आवृत्ती, हक्क, मुखपृष्ठकार, अक्षरजुळणी, मुद्रक, बांधणी करणारे, सगळे होते. नव्हती ती त्या कथेच्या पूर्वप्रसिद्धीची एक ओळ. प्रकाशकांना सविस्तर पत्र लिहिले, तेव्हा ‘आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे’ एवढे उत्तर आले. मी सूचना केलीच नव्हती, प्रश्न विचारला होता. पुन्हा लिहून, पुढील आवृत्तीत मूळ कथा निदान परिशिष्टात द्यावी, असे सुचवले (ही मात्र सूचना होती), त्यावर लेखकाचे आरंभीचे लेखन पुनर्मुद्रित करण्याचा विचार नाही, असे कळवण्यात आले. पुनर्मुद्रणाचा विचार नाही आणि पुनर्वापराला मात्र हरकत नाही, हे धोरण मला तरी उमगले नाही.

याचा परिणाम काय होतो, तेही सांगतो. अंक माझ्यापाशी उरलेला नाही. कोणीतरी वाचायला नेला, तो नेलाच. कादंबरी वाचून भारावलेल्या माझ्या भाच्याला मी म्हाताऱ्याची मूळ कथा सांगितली, तर तो म्हणाला, “म्हणजे मामा, यांनी ती दुसऱ्या कोणाची चोरली की काय?” ज्या लेखकाचा मी चाहता आहे त्याच्यावर चोरीचा आळ येऊ नये, म्हणून मला अर्धा तास वकिली करावी लागली, आणि ती करूनही भाच्याच्या चेहऱ्यावरचा संशय गेला नाही. पूर्वप्रसिद्धीची एक ओळ छापली असती, तर ही वेळ आली नसती.

रेमंड चँडलर या लेखकाचे उदाहरण समीक्षकांना ठाऊक असेलच. त्याने १९३५ आणि १९३६ मध्ये एका स्वस्त मासिकात छापलेल्या आपल्या दोन कथा मुख्यतः एकत्र करून १९३९ मध्ये ‘द बिग स्लीप’ ही कादंबरी लिहिली. एका कथेतला काचघरात बसलेला आजारी जनरल आणि दुसऱ्या कथेतली नादान मुलगी कादंबरीत बापलेक झाली. त्या कथा त्याने हयातीत आपल्या कथासंग्रहांत येऊ दिल्या नाहीत. १९५९ मध्ये तो वारला आणि १९६४ मध्ये त्या पुस्तकरूपाने आल्या. त्याचा हा संकोच मला समजू शकतो, पटत मात्र नाही. त्या कथा बाहेर आल्याने कादंबरीचे काहीही बिघडले नाही. उलट दोन माणसे एका घरात आणताना लेखकाने काय जोडले आणि काय कापले, हे कोणालाही शेजारी शेजारी ठेवून पाहता येते. लपवण्यासारखे त्यात काय होते?

आता आपल्या दैनिकाविषयी. याच कादंबरीचे परीक्षण आपल्या पुरवणीत आले होते आणि असे पात्र या लेखकाच्या लेखनात प्रथमच अवतरले आहे, असे त्यात छातीठोकपणे लिहिलेले होते. त्याच आठवड्यात मी आपणांस पत्र पाठवले. ते पोहोचले असावे, कारण परीक्षणाची भाषा ओघवती असल्याबद्दलची माझी दोन वाक्ये छापून आली. कथेविषयीचा सगळा मजकूर जागेअभावी गळला असणार. जे परीक्षक नव्याला नवे म्हणताना खातरजमा करत नाहीत आणि ज्या दैनिकात ती खातरजमा करून देणारे पत्र कापले जाते, त्याच दैनिकाने आता कलावंतांना जुने विकल्याबद्दल जाब विचारावा, याला धाडस म्हणतात.

विषय निघालाच आहे म्हणून आणखी एक. रविवारच्या पुरवणीतील आपल्या लोकप्रिय स्तंभलेखकांचे जुने लेख अधूनमधून तारीख न घालता पुन्हा छापले जातात, हे नियमित वाचकांच्या लक्षात आलेले आहे. ज्या कुत्र्याच्या मृत्यूवर त्यांनी पूर्वी अत्यंत हृदयद्रावक लेख लिहिला होता, तो कुत्रा मागच्या रविवारी दारात उभा राहून शेपूट हलवत होता. त्याला पुन्हा पाहून बरे वाटले. तरीही लेखाखाली ‘पुनर्मुद्रण’ एवढे छापण्यास किती शाई लागते, हे आपल्या मुद्रण विभागाला विचारून पाहावे. लेख उत्तम आहे, पुन्हा वाचायला आवडतो. फक्त आपण तो पुन्हा वाचतो आहोत, हे वाचकाला कुत्र्यावरून ओळखावे लागू नये.

माझ्या मागण्या फार नाहीत. पुनर्वापर करणाऱ्या लेखकांनी, संगीतकारांनी आणि चित्रपटकारांनी मूळ कृती कोठे आणि कधी आली, हे नव्या कृतीवर नमूद करावे आणि शक्य असेल तेथे मूळ कृतीही मिळण्याची सोय ठेवावी. ज्या थोड्या लोकांनी ती पहिल्यांदा वाचली, ऐकली वा पाहिली, त्यांनी कोणाचीही जाहिरात नसताना तिची दखल घेतली होती. ती वाचलीच नव्हती असे छापील स्वरूपात ऐकून घेण्याची पाळी त्यांच्यावर येऊ नये. आपल्या समीक्षकांनी पुढचा लेख लिहिण्यापूर्वी निदान पुनर्वापर करणे आणि तो लपवणे या दोन गोष्टींत फरक करावा.

राहता राहिला गेल्या वर्षीच्या परीक्षणाचा प्रश्न. त्यातील ‘प्रथमच’ या विधानाविषयी आपण खुलासा छापणार आहात की नाही, आणि छापणार असल्यास कोणत्या पानावर, एवढे कृपया कळवावे. उत्तरासाठी पत्ता लिहिलेले पाकीट सोबत जोडले आहे.

आपला,
एक जुना वर्गणीदार