टोपलीचा प्रवेश

ब्रह्मपुरीजवळून,
होळीच्या आधी

प्रिय दिन्या,

दिवाळीपासून पत्र नाही, शिव्या घालत असशील. माझी साखर ठीक, आईचे गुडघे तसेच.

परवा शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, रात्री वडसाच्या मंडळीनं माझं नाटक केलं. दुसऱ्या अंकात बाई पहाटे मोहफुलं वेचायला जाते अन् परत येत नाही. वाघ दाखवलाच नाही, नुसती टोपली. नवरा टोपलीतली फुलं चिवडत बसतो अन् शेजारी म्हणतो, "वनखात्याचे 25 लाख भेटतेत गा आता." रात्रीचे दोन वाजले होते. मंडपात एक पोर किरकिरत होतं, तेही गप्प झालं. मग बायकांतून एक जण उठून बाहेर गेली. कोण, ते तुला सांगायला नको. मी विंगेत उभा होतो, पाय लटपटत होते.

निर्माता म्हणतो, प्रवेश काढा. माणूस रात्रभर हसायला येतो, घरचंच रडणं तिकीट काढून कशाला पाहील? आपल्या झाडीपट्टीच्या, पूर्व विदर्भातल्या रंगभूमीच्या, परशुराम खुणेंना 2023 साली पद्मश्री मिळाली तेव्हा तूच फोनवर ओरडला होतास, आता झाडीपट्टीला नुसती करमणूक कोण म्हणतो बघतो! मलाही तसंच वाटतं. मोहाच्या दिवसांत इथल्या बाया जीव मुठीत धरून जंगलात जातात, अन् आमच्या नाटकात जंगलच नसावं? पण ती उठून गेली ना रे. तिचं दुःख मी विकलं का?

गडकरी आपल्या सावनेरला 23 जानेवारी 1919 ला गेले, अन् पुढच्याच महिन्यात 'एकच प्याला' रंगभूमीवर आलं. आपण ते केलं तेव्हा तू दारुडा सुधाकर. मिशी पेल्यात पडली, तू ती रसनासोबत गिळलीस! पहिल्या रांगेत काका बसलेले, पिऊनच. प्रयोग संपल्यावर तू माझी गचांडी धरलीस, "माझ्या बापाची शोभा करायला मले उभा केला काय बे?" वर्षभर बोलला नाहीस. मी तेव्हा म्हणालो होतो, नाटक नाटक असतं. ते चुकलंच माझं.

वहिनींचं ऑपरेशन नीट झालं ना? पोरीचे बारावीचे पेपर कसे गेले?

काका त्या रात्री शेवटपर्यंत उठले नाहीत. घरी गेल्यावर तुला काय म्हणाले, हे मी कधी विचारलं नाही. आता विचारतो. पुढच्या शनिवारी सिंदेवाहीकडे प्रयोग आहे, त्याआधी कळव.

तुझाच,
बाळ्या