फाईल न उघडणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

तुमचं नाव लिहीत नाही, पण हे पत्र चारचौघांत लिहायचं ठरवलं. तुम्ही जे विचारलंत, ते आम्हाला कुणीच विचारलं नव्हतं.

मूल हवं म्हणून दोन वर्षं आमचं जवळ येणं, बीज सुटायची वेळ सांगणाऱ्या किटच्या पट्टीवर चालायचं. दुसरी रेघ गडद झाली की मी नवऱ्याला ऑफिसात मेसेज करायचे, 'आज.' एवढाच. पूर्वी याच माणसाला मी पानंच्या पानं लिहायचे! नंतर कमरेखाली उशी घेऊन मी छताकडे बघत मिनिटं मोजायची, आणि तो झोपल्याचं सोंग घ्यायचा. एकदा मी बीज सुटण्यासाठीचं इंजेक्शन घेतलेल्या रात्रीच त्याला जमलं नाही. मी म्हणाले, 'गेला हा महिना फुकट.' तो उठून बाथरूममध्ये जाऊन बसला. बराच वेळ. त्या वाक्याची लाज मला अजून वाटते.

तुमच्याकडे समुपदेशनाला आलो तेव्हा मध्ये एक खुर्ची सोडून बसलो होतो. रिपोर्टांची फाईल तुम्ही उघडलीच नाहीत. 'तारीख नसताना एकमेकांना शेवटचा हात कधी लावलात?' आम्ही दोघंही आठवत राहिलो.

मग तुम्ही हिशोब मांडून दाखवलात. शुक्राणू शरीरात ५ दिवसांपर्यंत टिकू शकतात, स्त्रीबीज जेमतेम एक दिवस. म्हणजे बीज सुटण्याआधीचे ५ दिवस आणि तो दिवस, असे ६ दिवस हातात असतात. एक रात्र हुकली म्हणून महिना बुडत नाही. त्याला वेगळं बोलावून काय सांगितलंत, ते तो अजून पूर्ण सांगत नाही. ताण आला की शरीर ऐनवेळी दगा देतं, ते प्रेम आटल्याचं लक्षण नाही, एवढं मात्र त्याने मला सांगितलं.

आणि तुमचं ते औषध! तीन आठवडे संबंध बंद. फक्त स्पर्श, तोही आळीपाळीने, पुढे काही घडवायचं नाही. मला तर ती शिक्षाच वाटली. नवव्या दिवशी माझी पाठ चोळता चोळता याने असा पाचकळ विनोद केला की आम्ही हसून हसून लोळलो. पथ्य त्याच रात्री मोडलं. तेव्हा तुमच्यापासून लपवलं, आज कबूल करते.

मूल अजून नाही. पुढच्या महिन्यात आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार, सुरू होतंय. दवाखान्याचं बोलणं पलंगावर करायचं नाही, असं आम्ही ठरवलंय. सुई टोचायचं काम त्याने स्वतःहून मागून घेतलं. हात थरथरतो त्याचा. गरज पडली तर पुन्हा येऊ, फाईल घरी ठेवून.

तुमची,
मध्ये खुर्ची सोडून बसलेल्यांपैकी एक