जबाबदारी लेखी द्या, पाळणाघरंही तपासा

संपादक महोदय,
नोकरदार महिलांच्या ताणाचा विषय निघाला की ‘घर आणि नोकरीची तारेवरची कसरत’ म्हणून तो संपवला जातो. खरा त्रास पुष्कळदा ऑफिसातच असतो. मी कोल्हापुरात बँकेत अधिकारी आहे. कर्जाची कागदपत्रं तपासता तपासता काउंटर सांभाळायचा, दुपारी विम्याचं टार्गेट, आणि निघायच्या वेळी ‘मॅडम, जरा थांबा, मीटिंग आहे’. नेमकी जबाबदारी कोणती, हे कुणी सांगत नाही. जाब मात्र सगळ्याचाच द्यावा लागतो. त्यात निरोपसमारंभाची तयारी, पाहुण्यांचं चहापाणी आमच्याकडेच, हे तर गृहीतच! काम मनापासून आवडतं, म्हणून हे जास्त लागतं.

मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीने 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली. आईला दिवसातून 4 वेळा बाळाकडे जाण्याची मुभाही दिली. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या औद्योगिक वसाहतींत आणि शहरातल्या मोठ्या कार्यालयांत ही सोय आहे का, हे कामगार विभागाने प्रत्यक्ष जाऊन तपासावं आणि निष्कर्ष जाहीर करावेत. वरिष्ठांनीही प्रत्येकीच्या कामाची वाटणी लेखी द्यावी. त्याला तर पैसाही लागत नाही.

– एक बँक अधिकारी, राजारामपुरी, कोल्हापूर