तुझं कातण माझ्याकडे आहे

नागपूर,
रविवार, रात्रीचे दहा

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

आई, आधी कबुली देते. गणपतीत आले होते तेव्हा फळीवरच्या डब्यातलं तुझं पितळी कातण मी न विचारता उचलून आणलं. दिवाळीत तू फोनवर म्हणालीस, हात थरथरतो, मुरड जमत नाही, यंदा करंज्या विकतच्या आणल्या. तेव्हाच सांगायला हवं होतं, पण जीभ रेटली नाही. आज ते पहिल्यांदा वापरलं, म्हणून हे पत्र.

वापरलं राव्हिओलीला. बाबा हसतील, हसू देत. इटलीची चौकोनी करंजी समज. तळायची नाही, पाण्यात उकडायची, आणि सारण कोळंबीचं, सोबत पालक, मटार, लसणाची पात.

बाबा, "नागपुरात कसली आली कोळंबी!" हे तुमचं वाक्य मला इथे ऐकू आलं. खरंच आहे, समृद्धी महामार्ग झाला तरी तो 701 किलोमीटरचा, मासळी बर्फात बसूनच येते. भोईपुऱ्यात कोळंबी मागितली तर मावशी म्हणाली, "झिंगे का?" तिच्याकडे तलावातलेही होते, पण मी समुद्राचीच घेतली, डोक्यासकट. हर्णैच्या लिलावात तुम्ही बघता तसं बघून. डोकं सैल किंवा काळं पडलेलं दिसलं की टोपली पुढे सरकवायची. तिसऱ्या टोपलीला जमलं.

पीठ मात्र इथलंच. 100 ग्रॅमला एक अंडं हा हिशोब. मी निम्मा मैदा, निम्मा बारीक बन्सी रवा घेतला. बन्सी म्हणजे तोच कडक गहू, ज्याच्या रव्याचा इटलीत सुका पास्ता करतात. दहा मिनिटं मळलं आणि ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवलं. घरमालकीण आजी डोकावल्या. म्हणाल्या, "हे तं आमच्या सरगुंड्याचंच पीठ दिसते वं!" सरगुंडे म्हणजे कणकेची पट्टी काडीवर गुंडाळून वाळवतात आणि उन्हाळ्यात आमरसासोबत खातात. तुझे गव्हले आणि नखुल्या आठवल्या. आपल्याकडे पास्ता नव्हता असं कोण म्हणेल?

पहिला घाणा मात्र पाण्यात गेला, अगदी शब्दशः. पालक उकडून हातानेच दाबला होता, म्हणजे पाणी आत तसंच. वर घाईत कडा नुसत्या चिकटवल्या. दोन मिनिटांत सगळ्या उमलल्या, पाणी हिरवंगार, कोळंबी तळाशी. जावईबापूंनी वाटीत वाढून घेतलं आणि वरणफळं म्हणून खाल्लं, चांगलं लागतंय म्हणाले. खोटं बोलतात, पण छान बोलतात.

दुसऱ्या वेळी पालक फडक्यात बांधून पिळला. मूठभर पाणी निघालं, पालक लिंबाएवढा राहिला. कोळंबी अर्धी बारीक चिरली, अर्धी मीठ लावून सुरीनेच ठेचली. ठेचलेली चिकट होते, सारण बांधून धरते, आणि चिरलेली दाताखाली येते. मिक्सरला लावलीस तर रबर होईल. मटार मात्र नुसते चेचायचे. मग आली तुझी करंजी. सारण कमी तर खुळखुळा, जास्त तर फुटणार. लाटी इतकी पातळ लाटायची की खालचा ओटा दिसावा. त्यावर चमचा-चमचा सारण दोन बोटांच्या अंतराने, भोवती पाण्याचं बोट, वरून दुसरी पोळी. मग सारणाच्या अगदी कडेपासून बाहेरच्या बाजूला बोटांनी दाबत जायचं, आत हवा राहता कामा नये. उकळताना तीच फुगते आणि फोडते. शेवटी कातण फिरवलं. अजून तसंच कुरकुर वाजतं, तिसऱ्या दात्याला जरा अडतं.

पाणी खळखळायला नको, हलकी उकळी पुरे, लिटरला 10 ग्रॅम मीठ. चार मिनिटांत वर आल्या. एकही फुटली नाही, मी मोजल्या, बत्तीस. टरफलं आणि डोकी लोण्यात परतून, दाबून गाळली. त्या लाल लोण्यात उकडल्याचंच वाटीभर पाणी आणि किसलेली संत्र्याची साल घातली. लिंबाची साल घालतात, पण जानेवारीत नागपुरात बसून लिंबू कशाला किसायचं? मासळीवर इटलीत सहसा चीज घालत नाहीत. जावयांनी घातलं.

आई, यात मुरड नाही गं. नुसतं दाबायचं, आणि दाबायला तुझे हात अजून माझ्यापेक्षा बरे आहेत, गणपतीत मोदकाची उकड मळलीस तेव्हा बघितलं मी. लाटायचं आणि पाण्यात सोडायचं काम माझं.

शिमग्याला येतोय, चार दिवस. कातण घेऊन येते, दोन किलो बन्सी रवाही आणते. बाबा, तुम्ही फक्त पालखीच्या आदल्या दिवशी हर्णैला जा. मध्यम आकाराची बघा, किलोभर पुरे. आणि कृपा करून सोलून आणू नका, डोकी हवीत.

तुमची,
ठकी