एडिसनला निघण्याआधी हे वाच

प्रिय शोभा,

अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला लेकाकडे सहा महिने, म्हणजे नातवाबरोबर धमाल आहे ग तुझी! पण तू विचारलंस ना की तिकडे जाऊन आलेल्या सगळ्यांची वजनं का वाढतात, म्हणून जरा सविस्तर लिहितेय, कारण तुझे गुडघे आणि शुगर दोन्ही मला माहितीयेत आणि खरंच काळजी वाटते.

लोक पिझ्झा-बर्गरला नावं ठेवतात, पण आपल्या वयाची माणसं असा कितीसा पिझ्झा खातात? घरात पोळीभाजीच असते, तिथल्या ओक ट्री रोडच्या भारतीय दुकानांत तर मेथीपासून चितळ्यांच्या बाकरवडीपर्यंत सगळं मिळतं. बंद होतं ते चालणं. इथे तू मंडईत जातेस, दोन जिने चढतेस, बँक, देऊळ, गच्चीवर कपडे वाळत घालणं, दिवसभर पाय चालूच. तिकडे नुसतं दूध आणायचं तरी लेक गाडी काढणार, कपडे ड्रायरमधे, भांडी डिशवॉशरमधे आणि कितीतरी रस्त्यांना फुटपाथच नाही. दुपारी घरात तू एकटी, बाहेर थंडी, मग चहा होतो, चहाबरोबर काहीतरी तोंडात टाकलं जातं. आणि नातवाच्या ताटात उरलेलं मॅक अँड चीज (चीज घातलेला पास्ता), ते टाकवत नाही म्हणून आजीच्याच पोटात!

एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. रोज १०० कॅलरी, म्हणजे दोन-तीन बिस्किटं जास्त झाली तरी सहा महिन्यांत १८,००० होतात, म्हणजे हिशोबाने दोन किलोच्या वर, तेही सणवार न धरता. कोकचा एक कॅन घेतलास तर त्यात ३९ ग्रॅम साखर, जवळजवळ दहा चमचे. ज्यूसही त्याच्या फार मागे नाही, त्यामुळे तहान लागली की पाणीच पी.

पोचल्या पोचल्या मात्र वजन करू नकोस. पंधरा-सोळा तास बसून पाय सुजतात, विमानातलं खाणं खारट, अंगात पाणी धरून राहतं, ते काही चरबीचं वजन नव्हे. आठवड्याने कर, काटा पौंडात असेल तर २.२ ने भाग.

आणि जेवण झालं की लगेच सोफ्यावर बसू नकोस, दहा-पंधरा मिनिटं चाल, घरातल्या घरात चाललीस तरी शुगरला फरक पडतो. हवा बरी असली की लेकाला रूझवेल्ट पार्कला सोडायला सांग, तळ्याकाठी छान चालता येतं, बर्फ पडला की मॉलमधे फेऱ्या मार, तिकडची म्हातारी माणसंही तेच करतात, कोणी बघत नाही. नातू लहान आहे तर त्याची बाबागाडी तूच ढकल.

शुगरच्या गोळ्यांचं आणि वेळेच्या फरकाचं डॉक्टरांना आत्ताच विचारून घे, चिठ्ठी हँडबॅगेत ठेव. चालायचे बूट इथेच घेऊन पंधरा दिवस वापर म्हणजे तिकडे चावणार नाहीत. शनिवारी मी मोकळी आहे, लक्ष्मी रोडला जाऊया का?

तुझी,
मंदा