आंबील ओढा : आधी मैलापाणी, मग काठ, पायवाट शेवटी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ओढ्याचे सुशोभीकरण म्हटले की आराखड्यात आधी जॉगिंग ट्रॅक येतो, मग रंगीत दिवे आणि दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या भिंती. पुण्याच्या आंबील ओढ्यापुरता तरी हा क्रम उलटा करावा, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

हा ओढा कात्रजच्या डोंगरातून निघतो आणि धनकवडी, पद्मावती, अरण्येश्वर, दांडेकर पूल असा येत मुठेला मिळतो. पेशवाईत पर्वतीच्या पायथ्याशी तळे बांधताना त्याचे पात्र वळवले गेले. त्या तळ्याच्या जागी आज सारसबाग आहे. पुढे आपण त्याला आवळत नेले. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री काय झाले ते पुणेकर विसरलेले नाहीत. अरण्येश्वर भागात भिंत कोसळून माणसे गाडली गेली.

पूर आला की भिंती बांधाव्यात, असे वाटणे साहजिक आहे. पण भिंतीमुळे पाणी नाहीसे होत नाही, त्याचा वेग वाढतो. वेगाच्या हिशोबात पात्राच्या खरबरीतपणाचा एक आकडा धरतात : काँक्रीटला साधारण ०.०१५, दगडगोटे आणि गवत असलेल्या पात्राला ०.०३५च्या आसपास. उतार आणि खोली तीच असेल, तर काँक्रीटमधून पाणी सव्वादोन पटींहून अधिक वेगाने धावते. वरच्या वस्तीची सुटका होते आणि तोच लोंढा खालच्या पुलाशी एकदम येऊन थडकतो. शिवाय भिंतीमागचा भराव पावसात भिजून जड होतो. पाणी झिरपून बाहेर पडायची भोके गाळाने बुजली की तो सगळा भार भिंतीवर येतो. तळालाही काँक्रीट केले तर झऱ्यांची तोंडे बंद होतात आणि पाऊस सरल्यावर ओढ्यात फक्त सांडपाणी उरते.

उलट बाजूही सांगायला हवी. तेवढेच पाणी नैसर्गिक पात्रातून न्यायचे तर रुंदी जास्त लागते. सिंगापूरच्या बिशान उद्यानात कलांग नदीचा २.७ किलोमीटरचा सरळ काँक्रीट कालवा मोडून २०१२पर्यंत ३.२ किलोमीटरचे वळणदार पात्र केले, तेव्हा पुराच्या वेळी पाण्याला पसरायला सुमारे १०० मीटर रुंदी दिली. एरवी त्याच हिरवळीवर मुले खेळतात. आंबील ओढ्यालगत इतकी जागा सलग मिळणार नाही, हे उघड आहे. पण जिथे बागा, मैदाने किंवा मोकळ्या जागांची आरक्षणे काठाला लागून आहेत, तिथे पुराचे पाणी तासभर थांबू शकते. त्यासाठी मैदान ओढ्याच्या बाजूला दोन-तीन फूट खोल करावे लागेल. ओढ्याकडची कुंपणभिंत काढावी लागेल, हे त्याहून अवघड.

तरीही सुरुवात मैलापाण्यापासूनच हवी. मार्चमध्ये, महिनोन्महिने पाऊस नसताना, पावसाळी गटाराच्या तोंडातून पाणी वाहत असेल तर ते बहुतेक वेळा घरांतले सांडपाणीच असते. अशा प्रत्येक तोंडावर रंगाने क्रमांक टाकावा आणि दहा लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते सकाळी, दुपारी आणि रात्री मोजावे. सरासरी पाच सेकंद आले तर सेकंदाला दोन लिटर, म्हणजे दिवसाला पावणेदोन लाख लिटरच्या घरात. माणशी १३५ लिटर वापर आणि त्यातले ८० टक्के सांडपाणी धरले, तर एका तोंडामागे सुमारे सोळाशे माणसे येतात. मग ती जोडणी कोणत्या गल्लीतून आली हे शोधणे सोपे जाते. पात्रातल्या मैलावाहिनीच्या चेंबरची झाकणेही याच फेरीत तपासावीत. तुंबलेली वाहिनी पहिल्या मोठ्या पावसात तिथूनच उफाळते. हे न करता नुसती जलपर्णी काढणे व्यर्थ आहे. ती मैलापाण्यावरच पोसली जाते आणि लगेच परत येते.

काठाचे काम पायथ्यापासून वर करावे, कारण काठ ढासळतो तो पायथा कातरला गेल्यामुळे. दीड-दोन फुटी दगड एक तृतीयांश तळात पुरून रचावेत. त्यावर मातीचा उतार एकास दोन (एक फूट उंचीला दोन फूट आडवे), जागा असल्यास एकास तीन. उतारावर चौरस मीटरला ७०० ग्रॅम वजनाची काथ्याची जाळी अंथरून बांबूच्या दीड-दोन फुटी खुंट्यांनी मीटरभर अंतरावर ठोकावी. जाळीची वरची कड फूटभर खोल चरात गाडलीच पाहिजे. ती उघडी राहिली की पाणी खाली शिरते आणि पहिल्याच पुरात सगळी जाळी गुंडाळून निघून जाते. पाण्यालगत वाळुंज आणि शेरणी, उतारावर वीत-वीत अंतराने लावलेल्या वाळ्याच्या ओळी, माथ्यावर करंज, जांभूळ, उंबर. गुलमोहर काठावर लावू नये. त्याची मुळे उथळ असतात आणि ओल्या मातीत तो आडवा होतो.

मे महिन्यातली सफाईही बदलायला हवी. जेसीबीने तळ सपाट खरवडून गाळ काठावरच टाकला, तर जूनच्या पहिल्या सरीत तो पुन्हा पात्रात येतो. शिवाय गवत गेल्याने काठ उघडा पडतो तो वेगळाच. गाळ फक्त पुलांखालून आणि मोऱ्यांच्या तोंडांतून काढून त्याच दिवशी हलवावा.

पायवाट पूरपातळीच्या वर आणि मुरुमाची असावी. पाण्याकडे उतरायला दगडी पायऱ्या, आणि पाणी वाढू लागताच वाजणारा भोंगा.

हे सगळे आधी एखाद्या महापालिका उद्यानालगत फक्त १०० मीटरवर करून पाहावे, एवढेच आमचे मागणे आहे. खोदाई आणि दगडकाम दिवाळीनंतर लगेच सुरू होऊन एप्रिलअखेर संपले पाहिजे, म्हणजे जूनच्या दोन-तीन चांगल्या सरींनंतर लागवड करता येईल आणि मोठा पाऊस येईपर्यंत वाळ्याची मुळे धरतील. निविदा मार्चमध्ये निघाली तर ते वर्ष गेलेच.

आपले,
ओढ्याकाठचे काही रहिवासी व स्थापत्य अभियंते, पुणे