पुंगळी पुन्हा मापात आणताना

महोदय,

अमेरिकेतील नेमबाज काडतुसाच्या वापरलेल्या पुंगळ्या (गोळी सुटल्यावर उरणाऱ्या पितळी नळ्या) घरी पुन्हा भरतात, हे ऐकून आपल्याकडे अनेकांना ती निव्वळ काटकसर वाटते. स्वतःच्या वापरापुरते भरायला तेथे फेडरल परवाना लागत नसला, तरी हे काम काटेकोर मापाचे आहे. गोळी सुटताना पितळी पुंगळी फुगून चेंबरला, म्हणजे काडतूस बसते त्या पोकळीला, टेकते, थोडी आक्रसते, पण मूळ मापावर येत नाही. म्हणून ती डायमध्ये, म्हणजे ठरलेल्या मापाच्या साच्यात, दाबून अरुंद करावी लागते. पिस्तुलाच्या सरळ पुंगळीसाठी कार्बाइड या अतिकठीण पदार्थाचे कडे असलेली डाय घेतली, तर वंगणाची कटकटही सहसा उरत नाही. खरी गोम बुडाशी आहे. शेल होल्डर या पकडीने पुंगळीच्या बुडाची कड धरलेली असल्याने डाय अगदी तळापर्यंत पोहोचत नाही आणि सैल चेंबरमधून आलेल्या पुंगळीचा तिथला फुगवटा तसाच राहतो. वरून चकचकीत दिसणाऱ्या अशा काडतुसामुळे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग (स्लाइड) पूर्ण मिटत नाही, आणि दोष मात्र बिचाऱ्या पिस्तुलाला लागतो! यासाठी जाणकार भरलेले काडतूस गेजमध्ये, म्हणजे चेंबरच्या मापाच्या नळीत, सोडून पाहतात. ते स्वतःच्या वजनाने आत उतरले आणि गेज उलटे करताच बाहेर पडले, तरच ते स्वीकारतात. तोंडाशी केसाएवढी चीर दिसली, तरी पुंगळी भंगारात जाते.

भारतात मात्र 1959 च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम 5 नुसार विनापरवाना दारूगोळा बनवता येत नाही, हेही अशा लेखनात ठळकपणे छापले जावे.

आपला,
एक वाचक, पुणे